गोधडी पिळताना

वॉशिंग मशीनमध्ये आज मी नुसती गोधडी टाकली. एकटी जड गोधडी पाणी पिऊन एका बाजूला गोळा झाली आणि पिळायच्या वेळी मशीन थडाथडा भिंतीवर आदळायला लागलं. नवरा धावत आला नि दोन्ही हातांनी ते दाबून धरू लागला. त्याचेच दात वाजायला लागले.

माझ्या छातीतही असंच होतं. भाजी निवडता निवडता काळीज बरगड्या फोडू पाहतं, श्वास तुटतो, आता आपण मरणार याची खात्रीच पटते. पहिल्यांदा झालं तेव्हा घरच्यांनी मलाही असंच दाबून धरलं होतं. कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी दृष्ट काढली. सुटण्यासाठी मी त्यांना ओरबाडलं होतं. दवाखान्यात तपासलं तर हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा भीतीचा झटका. चढतो तसा उतरतो. त्याच्याशी झुंजू नका."

"अरे, सोड ते," मी नवऱ्याला म्हटलं.

"फुटेल ना."

"नाही फुटत. थांबेल."

तो हात काढून शेजारी बसला. मशीन आदळत राहिलं, मग दमत दमत थांबलं.

"तुलाही असंच सोडायचं का?" त्याने विचारलं.

"सोडायचं. पण उठून जायचं नाही."