बुटांच्या कडव्याला वन्स मोअर

ललित कापडणीस माझा इतिहासाचा जुना विद्यार्थी. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरी करून तो नाशिकच्या एका मेटल बँडमध्ये, म्हणजे कर्कश गिटार-ड्रम्सच्या रॉक बँडमध्ये, गायचा. नाझींच्या छळछावण्यांवर त्याने मराठीत गाणं रचलं, तपशील माझ्याकडून तपासून घेतले. “सर, ऐकणाऱ्याला किळस यायला हवी,” तो म्हणाला.

२००४ साली एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो ते गायला. मारलेल्या मुलांच्या बुटांच्या ढिगाचं कडवं आलं, तशी पोरं शिट्ट्या मारत नाचू लागली. “वन्स मोअर” सुरू झालं.

“कशाचं वन्स मोअर? मुलं मारल्याचं?” ललितने माईकवरूनच विचारलं. तो प्रश्नही गाण्याचाच भाग समजून टाळ्या पडल्या.

मी स्टेजमागे उभा होतो; तिथे येऊन तो ओकला. “त्यांना काय बोलू, सर? नाचावंसं वाटेल अशी चाल मीच लावली. माझीच किळस येतेय.”

संयोजक दोनदा बोलवायला आले. ललित गेला नाही.