शालिनीकाकूंचं नाक

जव्हारच्या जुन्या बाजारपेठेत शालिनीकाकूंना कुणी पत्ता विचारला, की त्या तोंडानं सांगत नसत. गॅस बारीक करायच्या, पदराला हात पुसायच्या आणि "चला" म्हणून पुढं निघायच्या. मी शिक्षक म्हणून बदलून आलो तेव्हा मलाही त्यांनी असंच भाड्याच्या खोलीपर्यंत पोचवलं. वाटेत कुणाकडचं लोणचं चांगलं, कुणाची भजी दुपारनंतर खाऊ नयेत, सगळं सांगून झालं.

"स्कूटर विकून टाका, सर. गाडीवरून जाणाऱ्याला कसलाच वास लागत नाही."

महिन्याभरात मी ती खरंच विकली.

काकूंची खाणावळ म्हणजे घराची पुढची खोली आणि चार टेबलं. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. त्या काही चाखत नसत. "माझं सगळं नाकावर चालतं," असं ऐटीत सांगायच्या.

एका तापात तेच नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. एका दुपारी मी जेवत होतो. काकू पाठ करून भाकरी थापत होत्या आणि मागं कढईत खुरासणी करपत होती.

"काकू, जळतंय!" मी ओरडलो. त्या वळल्या, धुराकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तापापासून वासच येत नाही, सर."

दुसऱ्या दिवसापासून दार बंद. आठवड्यानं मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. बॅगा भरल्या गेल्या. मी निरोप द्यायला गेलो, तेव्हा साखरशेतहून रानभाजी आणणारी जनाबाई पायरीवर बसली होती. टोपली तिनं मुद्दाम दारातच ठेवली होती.

"बाय, नाक गेला," ती म्हणाली, "हात त नाय गेला ना?"

 काकू टोपली उचलून आत गेल्या. तासाभरानं भाजीची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि समोरच्या बाबूशिंप्याच्या मशीनवर ती ठेवली.

"वास घ्या, चव बघा आणि खरं सांगा. खोटं बोललात तर दुपारी हेच जेवाल."

"मीठ कमी आहे, वहिनी," बाबूशिंपी घाबरत म्हणाले.

"हां. असं बोला!"

मुलगा एकटाच नाशिकला परतला. त्यानंतर रोज सकाळी काकू वाटी घेऊन आळीत निघायच्या. सोनाराची सून फोडणीचा वास सांगायची, वरणाचा निकाल मी द्यायचो. करपल्याचा वास आला की कुणीही आपल्या घरातून हाक मारायचं. गिऱ्हाइकं पूर्वीपेक्षा वाढली.

काकू आता नाहीत. मोखाड्याला बदली झाली तेव्हा निघताना मी त्यांना विचारलं होतं, "वासाची आठवण येते का हो?"

"येते ना," त्या म्हणाल्या. "पण सर, पूर्वी माझा स्वयंपाक मला एकटीलाच यायचा. आता अख्ख्या आळीला येतो."