कानबाईपुढचा पेन ड्राइव्ह

आईच्या आवाजातलं कानबाईचं गाणं एकाच जागी उरलं होतं, धुळ्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पेन ड्राइव्हमध्ये. श्रावणात घरी नारळाच्या रूपात कानबाई देवी बसली की आरतीनंतर अक्का तो स्पीकरला लावायची, आणि मग नारळाशेजारी ठेवून त्यालाही हळद-कुंकू वाहायची. कॉपी करून ठेवतो म्हटलं की म्हणायची, "माय काय दोन ऱ्हातस का?" यंदा तो वाजेनासा झाला.

जळगावात पिंप्राळ्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून तो माझ्याकडे आला. ड्राइव्हच्या तोंडात हळद घट्ट बसली होती. ती खरवडून काढली तरी कॉम्प्युटर म्हणे, आत काहीच नाही. डेटा काढून देणाऱ्या ओळखीच्या माणसानेही हात टेकले. आतल्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, नव्याने भरला तर ड्राइव्ह चालणार होता, पण कोरा होऊन. अक्काला फोनवर तसं सांगितलं.

"भंगेल वस्तू कानबाईपुढे चालस नही, भाऊ. तू त्याले जित्ता कर."

"माय पुसाई जाई, अक्का."

"तू कर."

केलं. प्लास्टिक उघडलं, चिपवरचा नंबर भिंगातून वाचला, त्याच चिपचं सॉफ्टवेअर शोधलं. चिपचे दोन पाय सुईने जोडून धरले तेव्हा कुठे कॉम्प्युटरने त्याला ओळख दिली. स्टार्ट दाबलं. गिऱ्हाइकाचं काम करावं तसं केलं. पट्टी हिरवी झाली आणि मी चहा सांगितला.

कानबाईला धुळ्याला गेलो. अक्काने ड्राइव्ह पदराने पुसला, हळद-कुंकू वाहून नारळाशेजारी ठेवला. त्याच्या तोंडात पुन्हा हळद गेली. आरती झाली. मेव्हणे मोबाइलवर दुसरं गाणं शोधायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली. "बठ्ठा जन चूप बठा. मायना गानानी येळ शे."

सगळे बसले. स्पीकर बंदच होता, वर फक्त पंखा कुरकुरत होता. अक्काचे ओठ हलत होते. गाण्यात एके ठिकाणी आईला ठसका लागायचा. मावशी मध्येच हसली, तेव्हा मनातल्या मनात ती तिथवर आली असणार. मी नारळाकडे बघत होतो. मग एकदम सगळ्यांनी हात जोडले. गाणं संपलं होतं.

माझे हात मांडीवरच राहिले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.