उगवणीची हमी

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं आपल्या मालाची जाहिरात जरूर करावी, पण गिऱ्हाईक काय बोलतंय ते आधी ऐकून घ्यावं! मी ऐकलं नाही.

जळगाव जामोदला आमचं वडिलांपासूनचं बियाण्याचं दुकान. दारावर पाटी, ‘उगवणीची हमी’. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पेपर मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आणि गिऱ्हाइकांना ऐकवणार. त्या दिवसांत विलायतेत काचेच्या नळीतून मूल झाल्याची बातमी गाजत होती. बाजाराच्या दिवशी भरल्या दुकानात मी तीच रंगवत होतो.

तेवढ्यात सुखदेव आला. भाजीपाला पिकवणारा, दरसाल कांद्याचं बी आमच्याकडूनच नेणारा. पिशवीचे बंद पिळत उभा राहिला.

“शेठजी, जरा बाजूले या ना.”

“इथंच बोल ना बे! काऊन लाजून राह्यला?”

“खामगावचे साहेब म्हणते, बी तपासा लागीन.”

साहेब म्हटलं की मला एकच साहेब ठाऊक, शेतीखात्याचा! ऐन बाजारात हा तक्रार घेऊन आला!

“काय झालं बियाले?”

“पाच वर्सं झाली. उगवलंच नाई.”

“पाच वर्सं! अन् आता सांगून राह्यला? तुह्या जमिनीतच खोट असंन!”

“नाई जी. जमीन साहेबानं तपासली. बेस हाय म्हणते.”

झालं! माझा आवाज चढला. “अरे, पार देऊळघाटापर्यंत जाते आमचं बी! तुह्या घरात तर तुह्या बापाच्या वक्तापासून आमचंच बी हाय!”

गोणीवर टेकलेला एक म्हातारा खोकल्याच्या आडून हसायला लागला.

सुखदेव कानापर्यंत लाल. जवळ येऊन कुजबुजला, “तुमचं नाई हो शेठजी, माह्यं! साहेब म्हंजे डाक्टर. लेकराचं म्हणून राह्यलो मी. माय म्हणते, पोळा झाला की दुसरी सून आणतो, कमलाले माहेरी धाडतो. तुमी पेपर वाचता, तुमाले सारं मालूम. संगं चाला ना.”

अरे देवा! आता हे सावरायचं कसं? मी सरळ उपदेशालाच लागलो.

“मंग लाजतो कायले? साऱ्या जगात डाक्टर लोकं हेच शोधून राह्यले. उठसूट बाईले दोष देणं बंद! आधी माणसानं तपासून घ्यावं. जो घेत नाई तो भित्रा!”

दुकानामागेच आमचं घर. मधल्या दारात चहाचे कप घेऊन आमचं कुटुंब उभं. लग्नाला अकरा वर्षं झालेली. उपास, अंगारे, वैद्याचे काढे, सगळं तिच्याच वाट्याला.

“मंग तुमी कधी चालले?” ती शांतपणे म्हणाली. “अकरा वर्सं झाली, आपल्या घरात नुसती जमीनच तपासून राह्यले सारे.”

मी पेपरची घडी घातली आणि सुखदेवलाच खामगावच्या बसची वेळ विचारली!

दुसऱ्या दिवशी खामगावच्या बसमध्ये सुखदेव आणि मी शेजारीशेजारी. एक बरं झालं, त्यानंतर बाजारात त्याला कोणी हसलं नाही. लोकांना हसायला मी होतो ना! आणि खुद्द शेठजी चालले म्हटल्यावर त्याच्या मायनंही दुसऱ्या सुनेची बोलणी थांबवली.

दवाखान्यात कंपाउंडरनं सगळ्यांदेखत माझं नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाला, “धंदा?”

मी मान खाली घालून पुटपुटलो, “बियाण्याचा.”

त्याची लेखणी जागच्या जागी थांबली.

मागून सुखदेव म्हणाला, “लिहा जी, लिहा. हमीचं हाय!”