तात्यांनी हलवलेली जाळी

छप्पनच्या उन्हाळ्यात उज्जैनच्या कचेऱ्यांत एकच विषय होता: मध्यभारत राज्य मोडणार, राजधानी भोपाळला जाणार, मग आपली बदली होणार का? मोजणी कचेरीतले कारकून यज्ञेश्वर तात्या यांना मात्र त्यापेक्षा रविवारच्या व्हॉलीबॉलची काळजी जास्त. माधव नगरातून सायकली काढायच्या, गावाबाहेर क्षिप्रेच्या वाळूवर जाळी बांधायची, मग पाण्यात डुंबायचं. पत्नी विनोदिनीबाई पोह्यांचा डबा घेऊन काठावर बसत.

चैत्रातल्या एका रविवारी तात्या लांब गेलेला चेंडू आणायला धावले, तर वरून काहीतरी थेट टकलावर आपटलं. काळ्या डोक्याची, पिवळ्या चोचीची कुररी! पायाशी वाळूच्या खळग्यांत ठिपक्यांची अंडी होती.

विनोदिनीबाई आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, नावाडी सांगतो, पूर्वी थवेच्या थवे यायचे. आता एवढ्या पाच-सहा जोड्याच उरल्यात. जाळी हलवा."

"नदी काय पाखरांच्या नावावर आहे?" तात्या टक्कल चोळत म्हणाले.

"तुमच्या नावावर आहे? कागद दाखवा."

मोजणीवाल्याला हे फार लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी घरट्यांपासून चाळीस पावलं मोजून फक्कीची रेघ मारली. पलीकडे चेंडू गेला की पॉइंट गेला!

"तात्या, ये तो सरहद हो गई!" कचेरीतला माणिक ओरडला.

कुररींना सरहद मंजूर नव्हती. आठवड्याभरात जाळीच्या खांबाशीच नवं घरटं झालं. तात्यांनी पाखरांना बेशिस्त ठरवलं आणि जाळी, रेघ दोन्ही पाण्याकडे सरकवली. मैदान इतकं आखडलं की चेंडू सारखा पाण्यात. दोघे गडी कंटाळून फ्रीगंजात कॅरम खेळायला जाऊ लागले. "पाखरांपायी माणसं तुटली," म्हणून तात्या घरी दोन दिवस कुरकुरले. तरी रविवारी सायकल निघालीच.

मध्येच कुत्र्यांनी दोन घरटी साफ केली. त्या दिवशी तात्या खेळले नाहीत, पोह्यांनाही शिवले नाहीत.

वैशाख सरता सरता, ऐन डावात, तीन पिल्लं मैदानातून तुरुतुरु पाण्याकडे निघाली. सर्व्हिससाठी उचललेला हात तात्यांनी तसाच धरला. "रुको, रुको! कोणी हलू नका रे!"

पिल्लांनी सावकाश वेळ घेतला. माणिक पुटपुटला, "रेफरी कौन है, तात्या? आप या ये?"

नोव्हेंबरात तात्यांची भोपाळला बदली झालीच. फाल्गुनात उज्जैनला माणिकला त्यांचं पत्र आलं. खुशाली दोन ओळींत, आणि खाली क्षिप्रेच्या वाळूचा पानभर नकाशा: यंदा कुररींची जागा कुठली, जाळी कुठे. मैदान त्यात जेमतेम बोटभर होतं.