उंबराच्या झऱ्याचं विरजण

महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या जंगलांना नापास करणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. आम्ही दोघंही वनखात्यात वनरक्षक, दोघंही बंजारा तांड्यावरचे, आणि दोघांनी एकाच घरच्या मुली केलेल्या. त्यामुळे अभ्यासदौरा असो की कुठे लांब वणव्याच्या बंदोबस्ताला पथक जायचं असो, साहेब आमची नावं जोडीनंच घेतात. माझं लग्न ठरायच्या बैठकीत बाकीची मंडळी घरदार, शेतीवाडी विचारत होती. साडूंनी कोपऱ्यातून एकच प्रश्न टाकला, "तुमच्या बीटात धावडा किती हाय?" बीट म्हणजे ज्याच्या त्याच्या राखणीचा जंगलाचा पट्टा. मी म्हटलं, धावड्याची झाडं भरपूर आहेत. त्यांनी मान हलवली आणि सोयरीक जमली. म्हणजे माझा सगळा संसार धावड्याच्या भरवशावर उभा आहे. पुढे एकदा ते माझं बीट पाहायला आले, दिवसभर फिरले, आणि संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "धावडा हाय. चांगला हाय. पण आमच्याकडच्यासारखा नाही."

हा 'पण' त्यांच्या प्रत्येक प्रवासाला आमच्याबरोबर असायचा. गाडीत खिडकीची जागा त्यांची. मान बाहेर काढून बसायचे आणि परीक्षा घेत निघायचे. गडचिरोलीला नेलं तर म्हणे, "बांबूच बांबू! हे जंगल हाय का बुरडाचं दुकान?" ताडोबाला आमची बाकीची पोरं वाघ दिसला म्हणून नाचत होती, तर हे तोंड पाडून बसलेले. "वाघानं लोक बिघडवले. झाडाकडे कोणी पाहूनच नाही राह्यलं." मेळघाटात चढउतार फार, झाड पाहावं की पाय ठेवायची जागा पाहावी! महाबळेश्वरच्या पावसावर तर त्यांचा खास राग. त्या संततधारेत कांबळं पांघरून कुडकुडत त्यांनी मला समजावलं होतं, "पाऊस कसा पायजे, मानसानं त्याची वाट पाह्यली पायजे. हा तर पाहुना बसला तर उठाचं नावच नाही घेत!" आमच्याकडे मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते, माणसं आभाळाकडे बघून बघून मान अवघडून घेतात, हे सगळं त्यांच्या लेखी आमच्या भागाचं मोठेपण होतं.

आणि या सगळ्या जंगलांना ज्या मापानं ते मोजायचे, ते माप म्हणजे त्यांच्या गावाकडचा उंबराचा झरा. महागावच्या पुढे, उमरखेडच्या अंगाला सागाच्या जंगलात त्यांचा तांडा आहे. लहानपणी ते तिथे गुरं राखायचे, आणि त्या झऱ्याला म्हणे भर वैशाखातही ओंजळभर पाणी असायचंच. त्यावर त्यांचा एक सिद्धांत होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर लदेणी करत हिंडले. सगळा मुलूख पाहिला, सगळीकडचं पाणी प्यायले, आणि थांबले कुठे? उंबराच्या झऱ्यापाशी. "मंग ते येडे होते का?" एवढं म्हणून ते विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, बैल थकले असतील." त्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

दिवाळीला घरी गेले की ते झऱ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणत, आणि दौऱ्याला निघताना त्यातलं एका बाटलीत घेत. पिण्यासाठी नव्हे. नव्या जंगलातला पहिला ओढा दिसला की हे खाली उतरणार, ओंजळभर पाणी तोंडात घोळवणार, "चांगलं हाय, पण..." म्हणणार, आणि मग आपल्या बाटलीतलं टोपणभर पाणी त्या ओढ्यात सोडणार. साहेबांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "विरजन लावून राह्यलो, साहेब. येईन या पान्याले बी थोडी चव."

कोकणात मात्र त्यांची चांगलीच जिरली. तिकडचं जंगल पाहून ते आधीच अस्वस्थ होते. "पानच गळत नाही. मंग झाडाले समजते कसं का साल सरलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दात घासत होतो, तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून धूर आला. धूर दिसला की आमच्या अंगात काय संचारतं ते आमच्या बायकांनाच माहीत. साडू "वनवा!" म्हणून ओरडले, हिरव्या फांद्या तोडल्या, आणि तोंडाला फेस तसाच घेऊन आमचं अख्खं पथक धावलं. बडवून बडवून आग विझवली. विझवून घाम पुसतोय तोवर एक म्हातारी कपाळावर हात मारत आली. "मेल्यांनो, राब भाजत होते मी माझा! आता भात काय तुमच्या डोक्यावर पेरू?" भाताची रोपं लावण्याआधी तिकडे पालापाचोळा अंथरून जमीन भाजतात, हे आम्हा कापूस-सोयाबीनवाल्यांना कुठून ठाऊक असणार! साडूंनी दिवसभर रानात फिरून तिला नवा पाला गोळा करून दिला, आणि पुन्हा स्वतःच्या हातानं पेटवून दिला. आयुष्यभर आगी विझवलेला माणूस आग लावताना पेटती काडी सवयीनं इतक्यांदा फुंकून टाकत होता की म्हातारीच त्यांना धीर देत होती. संध्याकाळी तिनं आम्हाला तिच्या झऱ्याचं पाणी आणि गूळ दिला. साडू पाणी प्यायले आणि म्हणाले, "चांगलं हाय, पण..." म्हातारी हसून म्हणाली, "असू दे बाबा. ज्याला त्याला आपल्या घरचंच गोड."

घरचं गोड खरंच, पण घर मिळतच नव्हतं. स्वतःच्या गावच्या बीटात नेमणूक सहसा देत नाहीत. वणी झालं, पांढरकवडा झालं, दारव्हा झालं. साडूंची सगळी नोकरी त्या झऱ्याभोवती लांबून घिरट्या घालण्यात गेली. उन्हाळ्यात तर आम्हाला सुट्टीच नाही, कारण तेव्हाच जंगलं पेटतात. सणाला घरी जायचं ते दिवाळीत, संक्रांतीत. या माणसाची एकच इच्छा होती, निवृत्त होण्याआधी एक उन्हाळा आपल्या जंगलात राखणीला असावं आणि वैशाखात त्या झऱ्याचं पाणी प्यावं. मला ती इच्छा आधी गमतीची वाटायची, मग हळूहळू तिनं मलाही धरलं. दर बदलीच्या हंगामात त्यांच्याआधी मीच साहेबांच्या दारात उभा असायचो.

मागच्या वैशाखात ती बदली एकदाची मिळाली. माझ्याच मोटारसायकलवर आम्ही महागावहून निघालो. वाटेवर साडू मागे बसून इतकं बोलत होते की माझे कान दुखायला लागले. हा साग बघ, तो मोह बघ, इथं मले अस्वल दिसलं होतं. जंगल सुरू झालं तशी त्यांनी गाडी आधी झऱ्याकडे वळवायला लावली. उंबर होता. त्याच्याखाली पांढरी वाळू होती आणि वाळलेली पानं होती. साडू गुडघ्यावर बसले आणि लहान मुलासारखी हातानं वाळू उकरू लागले. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा ओलसर वाळू लागली. ती त्यांनी मुठीत घेऊन दाबली, पण थेंब पडला नाही. गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "कायले उकरतं रे बाप्पा? होळीलेच आटते तो. लय वरसं झाले." साडू हात झटकून उभे राहिले, आणि म्हणाले, "त्या कोकनातल्या बुढीच्या झऱ्याचं पानी काय गोड होतं, नाही?"

त्या दिवसापासून त्यांनी सगळी जंगलं पास करून टाकली. गडचिरोलीचा बांबू पास, महाबळेश्वरचा पाऊस पास, ताडोबाच्या वाघालाही माफी. पावसाळ्यात झरा भरून वाहिला तेव्हा मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, "वाहते. पाहुना हाय, जाईन तो." दिवाळीला त्यांनी कॅन भरला नाही. मला त्यांच्या त्या 'पण'ची इतकी सवय झाली होती, की तो गेल्यावर घरातलं वडीलधारं कुणी रुसून निघून गेल्यासारखं वाटायला लागलं.

यंदा उन्हाळ्यात पाणवठ्यांच्या कामाला मदत म्हणून आम्हा दोघांना मेळघाटात पाठवलं. काम संपलं त्या दिवशी एका ओढ्यावर पाणी वाहत होतं, भर वैशाखात. मी मुद्दाम खोडी काढली, "भाऊ, काहीही म्हणा, हे जंगल तुमच्याकडच्यापेक्षा चांगलं हाय." ते चिडतील, पूर्वज आणि बैल काढतील, म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं. "चांगलं हाय," म्हणाले. मग पाण्याकडे पाहत पुन्हा म्हणाले, "पण..." आणि तिथंच थांबले. मला राहवलं नाही. मीच म्हटलं, "पण उंबराच्या झऱ्याची सर नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, माझ्या सोयरिकीच्या वेळी हलवली होती तशी.

मग त्यांनी पिशवीतून ती जुनी बाटली काढली. रिकामीच आणली होती. ती ओढ्यात बुडवून काठोकाठ भरली, टोपण घट्ट लावलं आणि दुपट्ट्यात गुंडाळली.

"हे कायले, भाऊ?" मी विचारलं.

"विरजन," ते म्हणाले. "आपल्या झऱ्याले लावून पाहतो."

गाडीत खिडकीची जागा त्यांचीच होती. बाटली मांडीवर उभी धरून ते पुसदपर्यंत बसून राहिले, आणि जंगल पाहायला एकदाही मान बाहेर काढली नाही.