एका चकतीसाठी

काजवाल्या काकूंचं मागणं एवढंच होतं, की एक चकती करून द्या. शर्टांना काजं करायचं त्यांचं जुनं मशीन त्या चकतीवर चालायचं. बिस्किटाएवढी चकती, कडेला चढउतार, आणि त्या चढउतारांप्रमाणे सुई डावीउजवीकडे हलायची. ती झिजली. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली, त्यामुळे सुटा भाग कुठेच मिळेना. पण नवऱ्याने सगळा जन्म कारखान्यात मिलिंग मशीनवर लोखंड कापण्यात घालवलेला. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, असं काकूंना वाटलं. तिथेच त्या चुकल्या.

कारखान्यात संगणकावर चालणारी मशीनं आली आणि काकांना घरी पाठवलं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. ते म्हणाले, "चकती करतोच. पण आधी मशीन करतो. त्यांच्याकडे आहे तसंच, आपोआप कापणारं."

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तहान काकूंची होती आणि काका आधी कुदळ घडवायला बसले होते.

काकूंचं इस्त्रीचं टेबल पहिल्याच दिवशी गेलं. मागची खोली लोखंडी पट्ट्यांनी, वायरींनी आणि भंगारातून आणलेल्या मोटरींनी भरली. लोखंडाचा कीस अंथरुणात सापडायचा, चपलेत सापडायचा, एकदा तर साखरेच्या डब्यात सापडला. काकूंनी डबा नवऱ्यासमोर आपटला. काकांनी चिमटीत कीस घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "बारीक पडलाय. धार चांगली आहे." अशा माणसापुढे डोकं आपटून घ्यायचं तरी किती?

तोवर काजं काकू हाताने घालत होत्या. डोळ्यांतून पाणी यायचं, बोटांना सुया टोचायच्या, आणि शर्टांचे गठ्ठे काही उरकायचे नाहीत. कोपऱ्यावरचा शिंपी, काकूंचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं, तो आधी हसून विचारायचा. मग हसणं बंद झालं. एक दिवस तो दारातच उभं राहून म्हणाला, "काकू, मला गिऱ्हाइकांना तोंड द्यावं लागतं. सोमवारपर्यंत तुमचं मशीन चालू झालं तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडे देतो."

काकांचं मशीन तसं चालू झालं होतं. मोटरी फिरायच्या, लोखंड धरणारं टेबल सरकायचं, कटर गुरगुरायचा. फक्त गोल कापायला सांगितलं की अंडं निघायचं. मग काकांनी दोष शोधायला सुरुवात केली. आधी दोष मोटरींचा निघाला. मग वायरींचा. मग विजेचा. परगावी असलेल्या मुलाने मशीनसाठी प्रोग्रॅम लिहून दिला होता, तर त्यालाही फोनवर झाडून झालं. फरशीला उतार आहे म्हणून पायांखाली पुठ्ठे घालून झाले. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूंकडे मात्र त्यांनी एकदाही संशयाने पाहिलं नाही, कारण ते स्क्रू त्यांनी स्वतः कापले होते.

रविवारी सकाळी आणखी एक अंडं निघालं आणि काकूंचा पारा चढला.

"आग लागो तुमच्या त्या आपोआपला! काढा त्या मोटरी. हाताला काय झालंय तुमच्या? फिरवा हाताने!"

का कोण जाणे, काकांनी ऐकलं. मोटरी सोडवून त्यांनी स्क्रूंना हातचाकं बसवली. मुलाकडून चकतीच्या कडेची मापं मागवली. काकू स्टुलावर बसून एकेक आकडा वाचायच्या, काका चाक फिरवून तिथे कटर लावायचे. थोडा वेळ काकूंनी पाहिलं आणि त्यांचं टाळकं पुन्हा सटकलं.

"अहो, दर वेळी पुढे जाऊन परत काय येता? सरळ तिथेच थांबायला काय होतं?"

"अगं, तसं चालत नाही. स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी जागा राहतेच. उलटं फिरवलं की चाक फिरतं पण टेबल जागचं हलत नाही. म्हणून नेहमी एकाच बाजूने..."

काका थांबले. चाकावरचा हात तसाच राहिला. हाताला जे इतकी वर्षं ठाऊक होतं, ते मशीनला सांगायचंच राहिलं होतं.

दुपारी चकती झाली. काकूंनी मशीनमध्ये बसवली, चिंधीवर एक काज घातलं, मग दुसरं. टाके एका ओळीत, दाट आणि नीट. त्यांनी तेवढ्यासाठी नवऱ्याचे सगळे अपराध पोटात घातले असते.

मुलाला फोन लावून काकांनी झालेलं सगळं सांगितलं. तो हसला. "एवढंच ना बाबा? ती जागा नेमकी किती आहे ते मोजून सांगा. मी प्रोग्रॅममध्ये घालतो. मग मशीन स्वतःच करेल, तुम्हाला हात लावायला नको."

काकांनी फोन ठेवला आणि ते मापाचं घड्याळ, केसभर हललेलंही काट्यावर दाखवणारं, शोधायला लागले. शोधता शोधता सहज बोलल्यासारखे म्हणाले, "कारखान्यातही असंच झालं होतं. नवं मशीन नीट कापत नव्हतं. साहेबांनी मला शेजारी बसवून विचारलं, तुम्ही कसं करता. सगळं सांगितलं. मग कापायला लागलं झकास. पुढच्याच महिन्यात मला पत्र आलं."

हे काकूंनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांच्या हातातली चिंधी खाली पडली.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "ऐकलंत का? पोराला काही सांगू नका. राहू दे मशीन तसंच."

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने काहीतरी खुळ्यासारखंच सांगितलं होतं.

"अगं, पण ते चुकतंय ना," ते म्हणाले, आणि माप घ्यायला वाकले.

काकूंना त्यांचा राग आला, भयंकर राग आला. मग त्यांनी टॉर्च आणला आणि काकांना घड्याळाचा काटा दिसेल असा धरून उभ्या राहिल्या.